एका दिवसासाठी ४५ जणांना संस्थेत न्यायचंय, त्यांना त्रास न होता कसं जमवू?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच अडलंय. मी हिंजवडीत एका कंपनीत आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा व्हॉलंटियरिंग डे असतो, म्हणजे त्या दिवशी ऑफिसला सुट्टी आणि सगळ्यांनी मिळून कुठल्यातरी संस्थेत जाऊन काम करायचं. यंदा ते सगळं ठरवायचं माझ्याकडे आलंय. ४५ जणांनी नावं दिलीत, जानेवारीतला एक शनिवार आहे, बस कंपनीची, थोडंफार बजेटपण आहे.

गेल्या वर्षी मी नुसती सोबत गेले होते आणि तो दिवस अजून डोक्यातून जात नाहीये. पुण्याबाहेर एक वसतिगृह, साठेक मुलं. आम्ही ९ ला पोचणार होतो, ट्रॅफिकमधे पावणेअकरा झाले आणि तोवर ती मुलं अंगणात रांगेत बसून, हातात एकेक गुलाब, स्वागतगीत तयार. सोमवारी त्यांची चाचणी होती हे मला नंतर एका मुलीकडून कळलं. आम्ही हॉल रंगवायचा ठरवलं होतं, पण भिंत खालून दोन फूट ओली होती, ते कुणी आधी बघितलंच नव्हतं. घासायला पत्रे चारच, माणसं अडतीस, मग ज्यांना काम नाही ते मुलांना घेऊन संगीत खुर्ची खेळत बसले. जेवण आम्ही बाहेरून मागवलं होतं, पण सकाळच्या पोह्यांचं आणि दोन वेळच्या चहाचं कुणी काही बोललंच नव्हतं, ते संस्थेच्या दोन मावशींनी केलं. मी कप विसळायला आत गेले तर एक मावशी सिलिंडर तिरका करून हलवून बघत होत्या. संपला होता. दुसरा सोमवारी येणार. म्हणाल्या, असू दे, संध्याकाळची खिचडी मागच्या चुलीवर टाकते. आणि बाहेर आमचा ग्रुप फोटो चालला होता.

दोन महिन्यांनी मी मुद्दाम फोन केला, तर रंगाला फुगे आले होते, पोपडे निघाले होते आणि संस्थेने पेंटर लावून सगळं खरवडून परत करून घेतलं होतं. स्वतःच्या पैशाने. ते सर मला एका शब्दाने काही बोलले नाहीत, मीच विचारलं म्हणून सांगितलं.

तर आता प्रश्न असा की एका दिवसात संस्थेला खरंच उपयोगी पडेल असं काही असतं का? की जाऊच नये? आमच्यातल्या लोकांची इच्छा मनापासून आहे, ते मी रोज बघते. कुणी संस्थेच्या बाजूने बघितलं असेल तर प्लीज लिहा, अगदी स्पष्ट लिहा.

गोधडी

मुठाकाठ, तुम्ही दोन महिन्यांनी फोन केलात हे वाचून फार बरं वाटलं. मी ११ वर्षं मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, संस्थेचं नाव नाही लिहीत. असा फोन आम्हाला आजवर दोन का तीनदाच आला असेल.

स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहिते. ४५ माणसं एका दिवसाला येतात तेव्हा आमची तीन माणसं आधीचा आठवडा त्यात असतात. सामान आणायचं, पाण्याचा टँकर सांगायचा (४५ जणांना दोन संडास पुरत नाहीत, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही), मुलांचं वेळापत्रक हलवायचं. आणि येणारे सगळे एकाच वेळी येतात. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीचा आठवडा, ख्रिसमस. २ ते ८ ऑक्टोबरला दान उत्सव असतो, २००९ पासून देशभर चालू आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण त्या आठवड्यात आम्ही रोज एका कंपनीला नाही म्हणतो. आणि जूनमधे वह्यापुस्तकं, दप्तरं, दाखले, ॲडमिशन सगळं एकदम अंगावर येतं तेव्हा चिटपाखरू नसतं.

नाही का म्हणत नाही तुम्ही, असं कुणीतरी विचारेल. कारण तीच कंपनी उद्या देणगी देऊ शकते. सरांनी तुम्हाला पोपड्यांबद्दल आपणहून सांगितलं नाही ना, ते यामुळेच असणार. तुम्ही देणारे, आम्ही घेणारे, त्यात भिंत ओली आहे हे बोलायला जीभ रेटत नाही.

मुलांबद्दल एक लिहितेच. फोटो. बालगृहातल्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असा फोटो छापणं किंवा टाकणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दरवेळी मी हे हात जोडून सांगते आणि दरवेळी संध्याकाळी कुणाच्यातरी स्टेटसला आमची मुलं दिसतात. कुणाचा हेतू वाईट नसतो. पण एका मुलीला घरच्यांपासूनच लपवून ठेवलेलं असतं हो, तिचा फोटो चार ग्रुपमधे फिरला तर आम्ही काय करायचं?

आणि मुलांना विचारू नका की आईबाबा कुठे असतात. प्रत्येक बस आली की एकाला तरी हा प्रश्न येतो. रात्री तो मुलगा जेवत नाही आणि मग आमची ताई त्याच्या शेजारी बसून असते.

उपयोगाचं काय ते संध्याकाळी लिहिते, आत्ता मुलांची शाळा सुटतेय.

रोखठोक_६७

माझं मत वेगळं आहे. जाऊच नका. ४५ माणसांचा एक दिवसाचा पगार काढा, त्यात बसचं भाडं, टीशर्ट, बॅनर, जेवण मिळवा आणि ती रक्कम संस्थेला द्या, ८० जीची (करसवलतीची) पावती घ्या. त्या पैशात पेंटर चार दिवसांत हॉल नीट रंगवून देईल आणि त्या पेंटरच्या घरीपण चार पैसे जातील. माझे वडील एका ट्रस्टवर विश्वस्त होते, आयुष्यभर त्यांनी हेच बघितलं की माणसं यायला तयार असतात, पण लाइटबिल भरायला कुणी नसतं. पाहुण्यांना बाग दाखवायची, मुलांची गाणी ऐकवायची आणि ते गेले की वॉचमनचा पगार कुठून द्यायचा यावर मीटिंग.

कंदीपेढा

रोखठोक, पैशाचं पटतं, पण जाऊच नका हे नाही पटत. मी स्वतः एका दिवसाचा माणूस म्हणून गेलोय आणि काम झालेलं बघितलंय.

१ मे २०१८, पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा चालू होती, म्हणजे गावांनी श्रमदानाने चर खणून पावसाचं पाणी अडवायचं, महाराष्ट्र दिनाला शहरातल्या लोकांना महाश्रमदानाला बोलावलं होतं. आम्ही सहा मित्र आदल्या रात्री निघून माण तालुक्यातल्या एका गावात गेलो. पहाटे साडेपाचला माळावर. आणि तिथे बघतो तर सगळ्या उतारावर फक्कीने रेघा मारलेल्या. समपातळीत. कुठल्या रेघेवर कोणी बसायचं हे ठरलेलं, दर दहा माणसांमागे गावातला एक माणूस, टिकाव, फावडी, घमेली मोजून ठेवलेली. मला एका आजींच्या जोडीला दिलं. मी टिकाव मारायचा, त्या माती ओढून खालच्या बाजूला बांध घालायच्या. मी दोन-तीनदा खड्डा एका बाजूला जास्त खोल नेला तर त्यांनी हाताने दाखवलं, तळ सरळ पाहिजे, नाहीतर पाणी एकाच कोपऱ्यात बसतं आणि चर फुटतो. साडेनऊला ऊन चढलं तसं काम बंद. तेवढ्यात आम्हा सहा जणांचा चर किती झाला असेल, गावातली दोन माणसं तेवढा करून मोकळी झाली असती. पण त्या दिवशी माळावर शेकडो माणसं होती, त्यामुळे एकूण काम मोठं झालं, आणि मुख्य म्हणजे ८ एप्रिलपासून गाव रोज पहाटे खपत होतं, स्पर्धा ४५ दिवसांची होती, २२ मेपर्यंत. थकलेल्या गावाला मधेच एक दिवस माणसांची भर पडली तर पुढच्या तीन आठवड्यांना जोर येतो, असं तिथल्या एका ताईंनीच मला सांगितलं.

म्हणजे काम त्यांचं, आखणी त्यांची, हत्यारं तयार, आम्ही फक्त हात. मुठाकाठ, तुमच्या वसतिगृहात यातलं एकही नव्हतं. भिंत कुणी बघितली नव्हती आणि पत्रे चार होते.

पानगळ

झाडं लावायला जाणार असाल तर एक कळकळीची विनंती. मी गेली सहा वर्षं दर रविवारी पुण्यातल्या एका टेकडीवर झाडांना पाणी घालायला जाते, आम्ही आठ-दहा जण आहोत. जुलैमधे मोठे ग्रुप येतात, दोन तासांत दोनशे रोपं लावतात, फार उत्साह असतो. खड्डे आदल्या दिवशी आम्हीच काढलेले असतात कारण मुरूम फोडायला वेळ लागतो. पण पिशवी न फाडता रोप तसंच खड्ड्यात ठेवलेलं मी कितीतरी वेळा उकरून काढलंय. मुळं आत गोल फिरत राहतात आणि दुसऱ्या पावसाच्या आत रोप जातं.

आणि खरं काम सुरू होतं फेब्रुवारीत. मार्च, एप्रिल, मे. वर टाकीपर्यंत पाणी आलं तर आलं, नाहीतर पाच लिटरचे कॅन खांद्यावर. वणवा लागतो म्हणून गवत काढून जाळपट्टा करावा लागतो. बहावा, पळस, कडुनिंब काटक झाडं आहेत तरी पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना हात द्यावाच लागतो. तेव्हा कुणी एका दिवसासाठी आलं ना तर आम्हाला किती हवंय! एप्रिलमधे ४५ माणसं, प्रत्येकी चार फेऱ्या पाण्याच्या, म्हणजे आमचं तीन आठवड्यांचं काम एका सकाळी. पण एप्रिलमधे विचारलं की सगळे म्हणतात ऊन फार आहे, पावसाळ्यात लावायला येतो. लावायला जागा उरलेली नाही हो आता, जगवायचीत.

शाईपेन

मला एक वेगळंच सुचवायचंय. अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक, म्हणजे ते सांगतील तसा त्यांचा पेपर लिहून देणारा माणूस. हे काम खरोखरच एका दिवसाचं असतं, पेपर तीन तासांचा आणि अंध विद्यार्थ्यांना तासाला निदान २० मिनिटं जादा, म्हणजे चार तास. मी आठ वर्षांत चाळीसेक पेपर लिहिलेत.

पहिला पेपर राज्यशास्त्राचा होता, बी.ए.चा मुलगा, सोलापूरकडचा. त्याने पहिल्यांदा विचारलं, अक्षर सुटसुटीत आहे ना तुमचं? मग म्हणाला, प्रश्न दोनदा वाचा, दुसऱ्यांदा सावकाश. तो उत्तर सांगायचा तेव्हा टेबलावर बोटाने हलके ठोके द्यायचा, एक परिच्छेद संपला की थांबायचा. दर पंधरा मिनिटांनी, किती पानं झाली? एका ठिकाणी त्याने साल चुकीचं सांगितलं. मला बरोबर माहीत होतं. चुकीचंच लिहिलं. ते लिहिताना हात जड होतो, पण पेपर त्याचा आहे.

अडचणीपण सांगते, कारण त्या बाहेरून दिसत नाहीत. नियम परीक्षेप्रमाणे वेगवेगळे. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणत असेल तर लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा कमी लागतं, त्यामुळे इंजिनियर माणूस पदवीच्या पेपरला चालेलच असं नाही, तिथे कॉलेजातली लहान मुलंच लागतात. म्हणून तुमच्या ४५ जणांना सरसकट हे जमणार नाही, आधी कॉलेजला किंवा अंधांच्या संस्थेला विचारून कुणाला चालतं ते बघावं लागेल. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आयत्या वेळी नाही म्हणणारे. आदल्या रात्री साडेदहाला मेसेज, सॉरी उद्या ऑफिसचा कॉल आलाय. त्या मुलाने मग रात्रभर कुणाकुणाला फोन करायचे? एकदा असंच झालं, दुसरं कुणी मिळालं नाही आणि एका मुलीचा पेपर राहिला, परत पुढच्या सत्रात. ती वर्षभर ब्रेल आणि रेकॉर्डिंगवर अभ्यास करून आली होती. तेव्हापासून मी नव्या माणसाला आधी हे सांगते आणि मगच नंबर देते.

गोधडी

आले परत. शाईपेन, तुम्ही लिहिलेलं सगळं पटलं, शब्द देऊन न येणं हेच आम्हालापण सगळ्यात जास्त लागतं.

रोखठोक काका, पैसे हवेतच, तुमच्या वडिलांनी बघितलं तेच आम्ही रोज बघतो. देणगी देताना लोक म्हणतात मुलांवरच खर्च करा, पगारावर नको. पण मुलांजवळ रात्री झोपणारी ताई पगारावरच असते ना. पण एक सांगू, काही कामं अशी आहेत की पैसे असूनही माणूस मिळत नाही. तुमच्या ४५ जणांसाठी माझ्या मनात तेच आहे.

आमच्या संस्थेतून बाहेर पडलेली आणि आजूबाजूच्या वस्तीतली मिळून साठ-सत्तर मुलंमुली कॉलेजात आहेत. त्यांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मार्कशीट, बँक खातं आधारला जोडलेलं, हे सगळं लागतं. कागद स्कॅन करून ठरलेल्या साइजमधे बसवायचे. नावात एक अक्षर इकडेतिकडे असलं की अडतं. साइट दुपारी चालतच नाही कधीकधी. आणि ओटीपी जातो वडिलांच्या मोबाइलवर, वडील उसाच्या तोडीला, रेंज नाही. मागच्या वर्षी एका मुलीसाठी आम्ही अकरा दिवस त्या एका ओटीपीच्या मागे होतो. सायबर कॅफेवाला प्रत्येक फॉर्मचे पैसे घेतो आणि घाईत चुकीचा कोर्स निवडतो, मग कॉलेजकडून अर्ज परत येतो.

तुमची माणसं दिवसभर कॉम्प्युटरवरच असतात. प्रत्येकी दोन मुलं घेऊन बसली तर आमचा दोन महिन्यांचा घोर एका शनिवारात निम्मा होईल. फोटो काढण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगते. एक मुलगी, एक लॅपटॉप आणि गोल फिरणारं चाक.

अजून एक. कपड्यांचं गोडाऊन. दिवाळीनंतर आमच्याकडे गोण्याच्या गोण्या जुने कपडे येतात, त्यात फाटके, ओले, एकाच पायाचे बूट, न धुतलेले आतले कपडेसुद्धा. ते निवडणं, मापाप्रमाणे लावणं, पंधरा माणसांचं सबंध दिवसाचं काम आहे. धूळ असते, नाकाला रुमाल बांधावा लागतो.

कंदीपेढा

गोधडीताई, हे तर चर आखून ठेवल्यासारखंच झालं!

मुठाकाठ, कंपनीत वरच्यांशी बोलताना एक उपयोगी पडेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात, आणि मंत्रालयाने २०१४ मधेच परिपत्रक काढून सांगितलंय की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असले एकदाच होणारे कार्यक्रम त्या खर्चात धरत नाहीत. म्हणजे कंपनीलासुद्धा चालू राहणारं काम निवडण्यात फायदा आहे. त्या संस्थेला वर्षाचा एखाद्या ताईचा पगार किंवा इंटरनेटचा खर्च कंपनीकडून आणि सोबत तुमचा शनिवार, असं मांडून बघा. रोखठोक म्हणतात तेपण होईल.

रोखठोक_६७

फॉर्मचं काम मला माहीत नव्हतं. हे खरंच पैशाने होणारं नाही. माझे शब्द मागे घेतो. मी निवृत्त आहे, ३४ वर्षं बँकेत काढली, आधार जोडणी आणि खात्याच्या भानगडी मला चांगल्या समजतात. पुण्यातच असतो. गोधडीताई, मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी शनिवारची वाट बघत नाही.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, काय लिहू कळत नाहीये. काल एचआरशी बोलले. आधी त्यांना धक्का बसला, म्हणाले मग मुलांबरोबर काहीच नाही का? मी त्यांना सिलिंडरचं सांगितलं. मी ते ऑफिसात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही आणि मग आमच्या मॅनेजर म्हणाल्या, कर तुला योग्य वाटतं तसं.

तर असं ठरवतेय. सगळे एकदम नाही जाणार. वीस जण फॉर्मला, पंधरा गोडाऊनला, चहानाश्ता आणि पाण्याचे जार आमचे आम्ही आणू, मावशींना त्या दिवशी आमच्यासाठी गॅस पेटवायला लागणार नाही. उरलेल्या दहा जणांनी पानगळताईंकडे एप्रिलमधे जायचं मान्य केलंय, एप्रिलमधे, मी तीनदा विचारून घेतलंय. बॅनर नाही. मुलांचे फोटो नाहीत, हे सगळ्यांकडून लिहून घेतेय. आणि गेल्या वर्षीच्या सरांना मी आज पेंटरच्या बिलाचं विचारलं, ते नको नको म्हणत होते, पण आम्ही काही जण मिळून ते भरतोय.

गोधडीताई, एक शंका. आमच्यातल्या कुणालाच महाडीबीटी माहीत नाही. एका दिवसात शिकून भरणं जमेल का? मुलांचं नुकसान नको व्हायला.

गोधडी

एका दिवसात नाही जमणार, म्हणून तुमच्यापैकी दोघं-तिघं आधीच्या बुधवारी संध्याकाळी या. आमची ज्योतीताई एक फॉर्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून दाखवेल, ते बाकीच्यांना ऑफिसात शिकवा. रोखठोक काका त्या दिवशी येतोच म्हणालेत, त्यांचा व्यनि आला. मुलांना मी आधीच्या आठवड्यात सगळे कागद जमवून फायलीत लावायला सांगते आणि वडिलांना फोन करून ठेवते की शनिवारी ११ ते ४ मोबाइल चार्ज करून रेंजमधे थांबा. गोडाऊनवाल्यांना जुने कपडे घालून यायला सांगा, टीशर्ट नवे नकोत.

फाटकाशी बस वळत नाही, मारुतीच्या देवळापाशी थांबवा आणि तिथून चालत या, पाचच मिनिटं लागतात. आणि एक्स्टेंशन बोर्ड जमतील तेवढे आणा, आमच्या हॉलमधे प्लग दोनच आहेत, त्यातला एक सैल आहे.